माझ्या आईला गुण आला

६ फेब्रुवारी

भोंग्या,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन केला की तू "बोला ताईसाहेब" म्हणतोस ते थेट त्या रेडिओतल्या आवाजात, आणि मी काय विचारायला फोन केला होता तेच विसरून जाते. फोन ठेवल्यावर तुझे भावोजी विचारतात, "काय म्हणाला?" तर मला सांगता येत नाही. नुसतं छान वाटलेलं असतं. थेट तुझ्या आईला, मावशीला विचारावं तर तिला हल्ली फोनवर ऐकू येत नाही. म्हणून हा कागद.

ह्यांच्या वर्कशॉपमध्ये दुपारची सुट्टी झाली, लेथ बंद झाले की फोरमनच्या कपाटावरचा रेडिओ लागतो आणि तुझा 'जेवणानंतर' कार्यक्रम सुरू होतो. आधी हे डबा उघडता उघडता सांगायचे, "हा माझा मेहुणा." आता नवीन माणूस आला की जुनेच त्याला सांगतात, "हा ह्यांचा मेहुणा." हे मग उगीच मान खाली घालून जेवतात. तू लहानपणी रडायला लागलास की शेजारच्या गल्लीतून लोक बघायला यायचे आणि म्हणून तुझं नाव भोंग्या पडलं, ही गोष्टही त्यांनी सगळ्यांना सांगून झाली आहे. तुझी काही अब्रू तिथे शिल्लक नाही.

आता मुद्द्याचं. तू त्या हिरव्या डब्यातल्या चूर्णाबद्दल सांगत असतोस. "माझ्या आईला साखरेचा त्रास. सुया टोचून टोचून बिचारीच्या पोटाची चाळण झाली होती. हे चूर्ण घेतलं, माझ्या आईला गुण आला, आता सुईचं तोंड पाहत नाही." आणि मग हसतोस. ते हसणं ऐकून ह्यांनी त्याच दिवशी डबा आणला. ह्यांचीही साखर सारखी वर जाते हे तुला माहीत आहे. सुईचा त्यांना मनापासून कंटाळा. मी टोचायला गेले की सहा फुटांचा माणूस भिंतीकडे तोंड करतो.

आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय घ्यायचं ते घ्या, पण सुई सोडायची नाही." ह्यांचं म्हणणं, मावशीने सोडलीच ना? म्हणून तुला विचारते. मावशीने सुई एकदम बंद केली की हळूहळू? तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं का? नीट कळव. दुसऱ्या कुणी रेडिओवर सांगितलं असतं तर मी कान दिला नसता. पण तू आहेस, आणि मावशी आहे.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून काय आनंद झाला म्हणून सांगू! स्टुडिओत रोज गठ्ठ्याने पत्रं येतात, पण "भोंग्या" असं लिहिलेलं पाकीट पहिल्यांदाच आलं. आमच्या निर्मातीबाईंनी ते नाव सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आता इथेही अब्रू संपली. भावोजींना सांग, हिशेब चुकता झाला.

आई मजेत आहे. खाणंपिणं, झोप, चालणं, सगळं वेळच्या वेळी. साखर बरीच ताब्यात आहे. परवा तर शेजारणीबरोबर बागेत दोन फेऱ्या मारून आली आणि वर मलाच म्हणाली, "तू किती सुटलायस." तुझी आठवण काढते नेहमी.

चूर्णाचं म्हणशील तर पुष्कळ लोकांचं चांगलं मत आहे. रोज कुणी ना कुणी फोन करून आभार मानतं. अर्थात प्रत्येकाची प्रकृती वेगळी, आणि डॉक्टरांना विचारून करा असं आम्ही शेवटी सांगतोच.

बाकी इकडे धावपळ. काच लावलेल्या खोलीत दिवसभर बसून बसून मी त्या काचेतल्या माशासारखा झालोय. तोंड हलवत राहायचं. भावोजींना म्हणावं, लेथवरून हात जपा आणि रेडिओचा आवाज मोठा ठेवा.

तुझा,
भोंग्या

२ मार्च

भोंग्या,

तुझं पत्र ह्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "आई मजेत आहे, साखर ताब्यात आहे" हे आलं तेव्हा मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघ!" मी म्हटलं, सुईचं त्याने काहीच लिहिलेलं नाही. तर म्हणतात, "अगं, सुई असती तर लिहिलं असतं ना त्याने." ते मलाही पटलं. असलेल्या गोष्टी माणूस लिहितो, नसलेल्या कशाला लिहील?

तर सुई बंद केली आहे. घरात जरा सणासारखं वाटतंय. संध्याकाळी मी सुई काढायला उठत नाही आणि हे भिंतीकडे वळत नाहीत. वर्कशॉपमधल्या आणखी तिघांनी डबे आणलेत. त्यातला एक फिटर आहे, चाळिशीचा, त्याला ह्या वर्षीच साखर निघाली. तो म्हणतो, मी सुईला सुरुवातच करणार नाही.

तहान फार लागते ह्यांना. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवते. मी म्हटलं, हे बरं नाही; तर म्हणाले, चूर्ण कडू आहे, तोंड कोरडं पडतं त्याने. डाव्या पायाला अंगठ्याखाली एक चीर पडली आहे. बुटात लोखंडाचा कीस गेला होता आणि दिवसभर ह्यांना कळलंच नाही. मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. दुखत नाही म्हणाले, म्हणजे बरंच.

एक काम कर. एखाद्या दिवशी रेडिओवर "लेथवाल्या भावोजींना नमस्कार" असं म्हण. ह्यांनी मागितलेलं नाही, मीच मागते आहे. फार खूश होतील.

ताई

२० मार्च

ताई,

घाईत लिहितोय. येत्या दोन-चार दिवसांत नमस्कार सांगतो, रेडिओ लावून ठेवा.

भावोजींनी सुई एकदम बंद करायला नको होती. माझ्या नावाने सांग त्यांना. चूर्ण घेतलं तरी सुई चालू ठेवायला हरकत नसते, दोन्ही बरोबर चालतं. आणि तहान लागते म्हणतेस, पायाला चीर आहे म्हणतेस, ते डॉक्टरीणबाईंना आजच्या आज दाखव. मी काही त्यातला जाणकार नाही, पण दाखवलेलं बरं.

आईचं वेगळं आहे, तिची तुलना करू नका. सविस्तर नंतर लिहितो.

भोंग्या

२९ एप्रिल

भोंग्या,

हे हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितेय.

तुझं मार्चमधलं पत्र मिळालं त्याच दिवशी ह्यांनी रेडिओवर नमस्कार ऐकला होता. वर्कशॉपमध्ये टाळ्या वाजल्या म्हणे. घरी आले ते गाणं गुणगुणतच. मी तुझं पत्र वाचून दाखवलं, "भोंग्या म्हणतो सुई चालू ठेवा." ते म्हणाले, "काळजीपोटी लिहितो बिचारा. आज दुपारी त्यानेच सांगितलं की पुन्हा, आईला गुण आला म्हणून." आणि खरंच सांगितलं होतंस. मीही ऐकलं होतं. कागदावर एक आणि रेडिओवर एक. मी काय करायचं? ह्यांनी रेडिओचं ऐकलं आणि मी ह्यांचं.

मग पायाला वास यायला लागला. आधी मोज्याचा वाटला. मी मोजे उकळत्या पाण्यात धुतले. पायाचा पुढचा भाग काळपट पडला, तर म्हणाले, ऑइल आहे, साबणाने निघत नाही. खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. एके दिवशी लेथसमोरच खाली बसले आणि उठलेच नाहीत. त्या फिटरने आणि फोरमनने रिक्षात घालून आणलं.

सर्जन तरुण आहे, पण तोंडावर बोलणारा. त्याने विचारलं, "सुई कुणी बंद करायला सांगितली?" ताप चढलेला, ग्लानीत होते, तरी हे काय म्हणाले माहीत आहे? "माझ्या मेहुण्याने. रेडिओवर असतो तो." अभिमानाने म्हणाले रे. सर्जनने माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे.

डावा पाय गुडघ्याखाली कापला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा चादरीवरून हात फिरवला आणि विचारलं, "लेथवर उभं राहता येईल का एका पायावर?" मी हो म्हटलं.

आता मला एकच कळव. मावशी ते चूर्ण घेते का? हो किंवा नाही. प्रकृती, तुलना, मजेत, ताब्यात, यातलं काही लिहू नकोस. एक शब्द लिही.

ताई

५ मे

ताई,

नाही.

तिने तो डबा कधी उघडलेलाही नाही. सकाळ-संध्याकाळ सुई घेते. मीच टोचतो.

एक शब्द लिही म्हणालीस, पण त्यावर थांबलो तर तुला वाटेल मी पुन्हा काहीतरी झाकतोय. म्हणून लिहितो. कंपनीचा कागद आला त्यात लिहिलं होतं, "मी स्वतः हे चूर्ण वापरतो." आमच्या साहेबांना म्हटलं, मला साखर नाही, मी असं कसं बोलू? ते चहा ढवळत होते. म्हणाले, "मग आई म्हण. आईवर कुणी शंका घेत नाही." मी म्हटलं, आईला खरोखरच साखर आहे. तर म्हणाले, "मग तर प्रश्नच मिटला." काचेपलीकडून निर्मातीबाईंनी हात वर केला, दिवा लाल झाला आणि मी बोललो. पहिल्यांदा अडखळलो. दुसऱ्यांदा बरं जमलं. पुढे पुढे बोलताना मला आई डोळ्यांसमोर दिसायची, सुईविना, हसत बसलेली. ते हसू जे तुम्ही ऐकलंत ना, ते खरं होतं. मला तेवढ्यापुरतं तसं वाटायचं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला लिहिता आलं असतं. लिहायला बसलोही होतो. पण मग वाटलं, ताई भावोजींना सांगणार, भावोजी वर्कशॉपमध्ये सांगणार. मी "आई मजेत आहे" लिहिलं. ते खोटं नव्हतं. प्रत्येक वाक्य तपासून बघ, एकही खोटं नाही. इतकं जपून लिहिलं होतं मी.

भावोजींना यातलं काही सांगू नकोस. पाय गेला ते गेला, वर हे कशाला? मी हवी ती मदत करीन.

भोंग्या

१४ मे

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांचा पाय आहे, त्यांना कळायला हवं.

पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग उशीला टेकून हसले. म्हणाले, "किती चांगला आहे बघ. माझा पाय गेला म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय." मी म्हटलं, अहो, मावशी चूर्ण घेत नाही, रोज सुई घेते. तर म्हणाले, "डॉक्टरांनी तुला भरीला घातलं आणि तू त्याला. मी सुई घ्यावी म्हणून तुमचं सगळ्यांचं चाललंय. कागदावर काय, काहीही लिहिता येतं. माणूस स्वतःच्या आईबद्दल सगळ्या जगासमोर खोटं बोलेल का?"

सांग आता. बोलेल का?

इथल्या नर्स सुई घेऊन आल्या की हे हात आखडून घेतात. जबरदस्तीने चार जण धरून टोचतात. आणि काल मी त्यांची उशी झटकली तर खाली हिरवा डबा. त्या फिटरने आणून दिला होता, भेटायला आला तेव्हा. प्रेमाने आणला होता.

मदत करीन म्हणालास ना? मग ही कर. जे मला लिहिलंस ते रेडिओवर बोल, त्याच वेळेला, त्याच खोलीतून. खोटं सगळ्यांना सांगितलंस आणि खरं एकटीच्या कानात सांगतोस, त्याचा मला काय उपयोग? माझा नवरा माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. तुझं ऐकतो, तेसुद्धा रेडिओवर बोललास तरच.

ताई

३० मे

ताई,

एवढे दिवस उत्तर दिलं नाही कारण माझी नाही म्हणायची तयारी चालली होती. चांगली कारणं जमवली होती. साहेब म्हणाले होते, आपण गाजावाजा न करता ती जाहिरात बंद करू, नवीन काहीतरी घेऊ, लोक विसरतात. मलाही तेच बरं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ भेटायला आले. बरोबर सून होती. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं त्यांना. माझा आवाज ऐकताच उठून उभे राहिले, चाचपडत हात धरला आणि पिशवीतून हिरवा डबा काढला. "यावर सही करा," म्हणाले, "घरात ठेवतो." सून म्हणाली, "सहा महिन्यांपूर्वी पेपर वाचायचे हो. आता अंधुक झालंय. पण चूर्ण चुकवत नाहीत." मी विचारलं, सुई? ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तेव्हापासून बंद."

मी सही केली ताई. त्यांनी डबा पुढे धरला आणि माझ्या हाताने सही केली. मग मी आत जाऊन कार्यक्रम केला.

घरी आईला सगळं सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं. दुपारी कार्यक्रमाच्या वेळी ती झोपलेली असते. मी सुई भरत होतो. तिने सुई माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच टोचली. तेव्हापासून ती मला टोचू देत नाही, आणि माझ्याशी बोलतही नाही.

येत्या सोमवारी बोलणार आहे. साहेबांना सांगितलेलं नाही. निर्मातीबाईंना थोडी कल्पना आहे, त्या म्हणाल्या, "मी काचेकडे पाठ करून बसेन, पण फार वेळ नाही." भावोजींच्या उशाशी रेडिओ ठेव.

भोंग्या

१२ जून

भोंग्या,

ऐकलं. ह्यांना घरी आणलं आहे, पुढच्या खोलीत खाट टाकली आहे. वर्कशॉपमधले दोघे-तिघे मुद्दाम डबे घेऊन आमच्याकडे जेवायला आले होते, एकत्र ऐकू म्हणून. तो फिटरही होता.

तू म्हणालास, "आज मला एक खरी गोष्ट सांगायची आहे. माझी आई ते चूर्ण घेत नाही. तिने ते कधीच घेतलं नाही. मी खोटं बोललो. ज्यांनी सुई बंद केली असेल त्यांनी आजच डॉक्टरांकडे जा." मग तू लेथवाल्या भावोजींचा पाय गेला असं म्हणायला लागलास, आणि "पाय" एवढं ऐकू आलं. पुढे गाणं लागलं. मधूनच, कडव्यातून सुरू झालेलं.

मला वाटलं, संपलं एकदाचं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. हे हळूच म्हणाले, "कुणीतरी धमकावलंय त्याला." फोरमन म्हणाला, "औषध कंपन्यांचं काम. सुया विकल्या जात नसतील." आणि तो फिटर काय म्हणाला ऐक. म्हणाला, "ताई, आवाजावरूनच कळतं ना. आधी किती मोकळं हसून सांगायचे. आज कसा आवाज कापत होता. खोटं बोलताना कापतोच माणसाचा आवाज."

सगळ्यांना पटलं ते. मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडू? चांगली माणसं आहेत. माझ्या नवऱ्याला उचलून आणणारी.

पुढच्या दुपारी तुझ्या जागेवर दुसरा कुणी होता, तरणा आवाज. तुझं नावही काढलं नाही त्याने. दोन दिवसांनी म्हणाला, "माझ्या वडिलांना गुण आला." तोच डबा.

जखम पुन्हा चिघळली आहे. ताप उतरत नाही. हे दिवसातून एकदा तरी विचारतात, "तुझ्या भावाची नोकरी गेली का गं? माझ्यामुळे गेली का?" तू प्रत्यक्ष ये. त्यांच्यासमोर बसून सांग. मला आता दुसरं काही सुचत नाही.

ताई

१ जुलै

ताई,

परत आलो. तिथून निघताना तू दारात विचारलंस, "काय जादू केलीस? हात पुढे केला त्यांनी!" आणि मी काही बोललो नाही. ते आता सांगतो, कारण आता काही शिल्लक ठेवायचं नाही असं ठरवलं आहे.

तू औषधाच्या दुकानात गेली होतीस. मी खाटेजवळ खुर्ची ओढून सगळं सांगितलं, अगदी साहेबांच्या चहापासून. भावोजी माझा हात थोपटत राहिले. "जाऊ दे," म्हणाले, "मला कळतंय तुझी अडचण." मी रडायला लागलो तर मलाच पाणी दिलं. ज्याचा पाय मी घेतला तो माणूस मला पाणी देत होता, ताई, आणि माझ्यावर विश्वास ठेवत नव्हता.

मग म्हणाले, "ते सोड. त्या तुझ्या आवाजात एकदा बोल ना. समोर बसून कधी ऐकला नाही."

मी डोळे पुसले, घसा साफ केला, पाठ सरळ केली आणि सुरू झालो. "नमस्कार मंडळी, जेवण झालं ना?" त्यांचा चेहरा असा काही उजळला! मग त्याच सुरात, हसत हसत म्हणालो, "आज माझ्या आईची गोष्ट सांगतो. माझ्या आईला साखरेचा त्रास. ती रोज सकाळ-संध्याकाळ सुई घेते, आणि बागेत दोन फेऱ्या मारते. सुईने माझ्या आईला गुण आला. लेथवाल्या भावोजी, तुम्हीही घ्या." आणि शेवटी हसलो. जसा हसायचो तसाच.

त्यांनी हात पुढे केला.

सगळं खरं होतं त्यातलं. पण खोटं बोलताना जसा बोलायचो अगदी तसंच बोललो, एवढासाही फरक नव्हता. परतीच्या बसमध्ये मला त्याचीच भीती वाटत राहिली. मन लावून खरं बोललो तर कुणाला पटलं नाही, आणि नक्कल केली तर पटलं.

नोकरी गेली. स्टुडिओत आलेली पत्रं निर्मातीबाईंनी घरी पाठवली. बहुतेकांनी शिव्या दिल्या आहेत, विकला गेलास म्हणून. आई अजून बोलत नाही, पण काल तिने सुई माझ्यापुढे ठेवली.

भावोजींचा ताप कसा आहे? लगेच कळव.

भोंग्या

२२ जुलै

भोंग्या,

हे गेले. तुला फोन केला नाही, कारण मला तुझं सांत्वन ऐकायचं नव्हतं. तुझं पत्र वाचल्यापासून मला तुझी धास्ती वाटते. तू रडलास तरी मला वाटणार, हे आतून आहे की बाहेरून? आणि तुलाही ते सांगता येणार नाही. रागाने लिहीत नाही. असं झालंय खरं.

पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागलं, पण शेवटपर्यंत सुई घेतली त्यांनी. रोज हात पुढे करायचे आणि नर्सला सांगायचे, "माझा मेहुणा म्हणतो, घ्यावी." पण विष रक्तात गेलं होतं. सर्जन म्हणाला, महिनाभर आधी हात पुढे केला असता तर. महिनाभर आधी तू खरं खरं बोलत होतास, कापऱ्या आवाजात.

लोक भेटायला येऊन गेले. वर्कशॉपमधले सगळे आले. तो फिटर कोपऱ्यात बसून होता. तो उठला तेव्हा मी बघितलं, उजवा पाय जरा ओढत चालतो. मी विचारलं, "काय झालं रे पायाला?" म्हणाला, "काही नाही ताई, बुटाने घासलं. दुखत नाही."

मी त्याला तिथेच खाली बसवलं, बूट काढायला लावला, मोजा मी माझ्या हाताने काढला. टाचेला जखम आहे, रुपयाएवढी. दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपच्या गेटवर जाऊन उभी राहिले. दुपारच्या सुट्टीत एकेकाला गाठून सांगितलं, चूर्ण फेका, डॉक्टरांकडे चला, मी बरोबर येते. ऐकून घेतात. नवरा गेलेल्या बाईचं सगळे ऐकून घेतात. डोकं हलवतात आणि आत जाऊन रेडिओ लावतात. रोज जातेय. आतापर्यंत एक जण आला माझ्याबरोबर, त्याची बायको मागे लागली म्हणून. फिटर येत नाही. परवा मला म्हणाला, "तुमचे भाऊ समोर येऊन म्हणाले तर बघू."

तेव्हा तू ये. आमच्याकडे उतरू नकोस, स्टँडजवळ खोली मिळेल. गेटवर उभं राहायचं. माइक नाही, काच नाही, गाणं नाही. ते शिव्या देतील, एखादा अंगावरही येईल. कुठल्या आवाजात बोलायचं ते मला विचारू नकोस, मला माहीत नाही. कापऱ्या आवाजात पटलं नाही तर हसून सांग, हसून पटलं नाही तर पाया पड. रोज सांग, एकेकाला सांग, तोंडाकडे बघून. मी शेजारी उभी असेन. तुझ्यावर माझा विश्वास पुन्हा बसेल असं समजून येऊ नकोस. त्यासाठी बोलावत नाहीये.

फिटरचा पाय अजून कोमट आहे, रक्त पोचतंय, मी हात लावून बघितला. या आठवड्यात ये.

ताई